वाऱ्याला मारलेली हाक

मंडळी, मुंजा, उतारा, बाहेरची बाधा... असल्या गोष्टींची मी आजवर फक्त टिंगलच केली आहे. आई दृष्ट काढायला मिरच्या घेऊन बसली की म्हणायचो, "हवेत आधीच काय कमी आहे, त्यात हा ठसका!" तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

आम्ही घणसोलीकडचे आगरी. मागे पारसिकचा डोंगर, पुढे खाडी, मधल्या खोलगट पट्ट्यात आमचं गाव. पूर्वी इथे सगळी भातशेती होती. आज आमची बिल्डिंग उभी आहे तिथे आमचंच खळं होतं, भात झोडायचं आणि उपणायचं. माझी मुलगी सान्वी दुसरीत आहे. तिला दमा आहे. पावसाळ्यात पोरगी ठणठणीत, उन्हाळ्यात खाडीवरचा वारा असतो म्हणून तेव्हाही ठीक. दिवाळी संपली की मात्र आम्ही नेब्युलायझर उशाशी काढून ठेवतो. थंडीत वारा पडतो. डॉक्टरांनी समजावलं होतं — सकाळी थंड हवा खाली बसते, वर गरम हवेचं झाकण, आणि कारखान्यांचा धूर, खाणींची धूळ सगळं डोंगर आणि खाडीच्या मधे कोंडून राहतं. समजलं हो सगळं. पण समजून श्वास मिळतो का?

गेल्या जानेवारीतली सकाळ. खिडकीतून डोंगर दिसतच नव्हता. नेब्युलायझर देऊन झालं तरी सान्वीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळसर पडलेले. डॉक्टर फोनवर म्हणाले, ऑक्सिजन असलेल्या अँब्युलन्समधूनच आणा... आणि ती गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. माझी बायको रश्मी धीराची बाई. ती पण पोरीला मांडीवर घेऊन नुसती रडत होती. मी गाडी कुठवर आली ते फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होतो.

इतक्यात आई माळ्यावरचं जुनं सूप काढून दाराकडे निघाली.

"आई, कुठे चाललीस?"

"गच्चीवं. वारा परलाय, त्याला हाक माराला पायजे."

आमच्याकडे ही रीत होती. भात उपणताना वारा पडला की तीन पायांच्या उंच तिवईवर उभी असलेली बाई सूप उंच धरून त्याला हाक मारायची. वारा आला की काम उरकेपर्यंत खळ्यावर कुणी 'पुरे' हा शब्द काढायचा नाही. काढला तर वारा रुसतो, तो हंगाम गेला. लहानपणी मी त्यासाठी धपाटेही खाल्लेत.

म्हातारी पडेल म्हणून मी मागे धावलो. वर ती प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभी, हातात रिकामं सूप.

"ये रं बाबा... ये रंऽऽऽ..."

आणि वारा आला.

समोरच्या देवळावरचा झेंडा ढिम्म होता. खालच्या आंब्याचं पानही हलत नव्हतं. वारा फक्त आमच्या गच्चीवर, आणि त्याला ताज्या पेंढ्याचा वास! इथे भात पिकून जमाना झाला. मी डोळे चोळून पाहिलं — रिकाम्या सुपातून भाताची फोलकटं उडत होती.

खिशातला फोन वाजला. रश्मी होती. "अहो, बोलली ही! पाणी मागितलं!"

मी तिथेच रडायला लागलो. आईचं स्टूल डुगडुगत होतं. आता ही पडते या भीतीने मी तिच्या कमरेला मिठी मारली.

"आई, पुरे, उतर आता!"

तोंडातून निघूनच गेलं. वारा तिथल्या तिथे थांबला.

आईने माझ्याकडे पाहिलं. "काय केलास रं, पोरा..."

तेवढ्या वाऱ्यावर सान्वी गाडी येईपर्यंत तगली. डॉक्टर म्हणाले, औषधाने उशिरा काम केलं असेल. असेल बुवा. पण सगळ्या खिडक्या बंद असलेल्या खोलीत तिच्या केसांतून रश्मीने फोलकटं वेचली, ती कुठून आली? मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा, मी ऐकायला तयार आहे.

तो हिवाळा आम्ही हॉस्पिटलच्या वाऱ्या करण्यात काढला. आता पुन्हा थंडी आलीय, पुन्हा हवा कोंडलीय. डॉक्टर म्हणतात, "हिला थंडीपुरतं गावी का नेत नाही?" काय सांगू त्यांना? हेच आमचं गाव.

आई रोज सकाळी गच्चीवर जाऊन हाका मारत होती, पण वाऱ्याचा रुसवा गेला नव्हता. परवा तिचा आवाज पूर्ण बसला. आज सूप मी घेतलं. समोरच्या सोसायटीतले लोक खिडक्यांतून बघत होते, कुणीतरी मोबाइलही काढला. बघू देत. मी हाक मारली. काहीच हललं नाही. खालून सान्वीचा खोकला ऐकू येत होता, म्हणून मी पुन्हा मारली.