चार बोटं उघडी खिडकी

लग्न होऊन कुरुंदवाडहून कोल्हापुरात आले तेव्हा मला वाटायचं, जाळ करायचा यात कसली आलीय विद्या! चूल पेटवता येत नाही अशी बाई कुठं असते का? स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. सासरे शाळामास्तर, दोन्ही मुलगे कचेरीत. घर पेठेत, मागं परसू, आणि परसात न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा भलाथोरला बंब. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवतीनं पाणी. हा बंब थोरल्या जाऊबाईंच्या ताब्यात होता. मी त्यांना आक्का म्हणायचे.

आक्का चंदगडच्या. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू जावा. पहिल्याच सकाळी मी हौसेनं बंबात ढलप्या घातल्या आणि काडी ओढली, तशा त्या ओरडल्या, "अगं ए बाई! आत पाणी बघितलंस का?" पाणी तळाला गेलेलं. "कोरडा बंब तापला तर सांध्यांचा डाक सुटतोय त्याचा. मग भावजींस्नी काय तुझ्या तोंडच्या वाफेनं आंघोळ घालणार हाईस?" नव्या नवरीला असं बोलतात का कुणी? मला असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

पण त्यांचं काम बघत बसावं असं होतं, हे रागातसुद्धा कबूल करावं लागायचं. पदर आवळून खोचायच्या. आधी जाळीखालची राख ओढून लोखंडी घमेल्यात, वर पाण्याचा शिपका, आणि ते घमेलं जळणाच्या ढिगापासून लांब. "राख मेली असं राखच सांगती, आपण न्हाय म्हणायचं," असं वर ऐकवायच्या. मग तळाशी चिपाडं, त्यावर शेणीचा तुकडा, वर बाभळीच्या ढलप्या. रॉकेलची बाटली बंबाच्या आसपासही फिरकू द्यायच्या नाहीत. गरम पाण्याची एक बादली काढली की आधी एक गार ओतायची. दर सोमवारी वेळूच्या काठीला चिंध्या बांधून नळकांड्यातली काजळी काढायच्या आणि तोंड काळं करून हसत उभ्या राहायच्या. त्यांच्या हाताखाली बंबानं कधी खोकला काढला नाही की भुसभुस केली नाही. मी पेटवला की सगळं परसू धुरानं भरायचं आणि शेजारीण भिंतीवरून विचारायची, "आज काय होम घातलाय व्हय?"

दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या नणंदबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या. मुलगा झाला. परसाच्या बाजूची खोली बाळंतिणीला दिली. बाजेखाली शेकाची शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, सगळं रीतीनं चाललं होतं. त्या शेगडीपायी मात्र सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्याबाईंची, आणि आक्कांची रोज जुंपायची. आक्का लोणारी कोळसा परसात पडवीला फुलवायच्या. सगळा लालभडक होऊन वर पांढरी राख धरेपर्यंत शेगडी उंबऱ्याच्या आत यायची नाही. आणि शेगडी आत असेल तोवर खिडकी चार बोटं उघडी पाहिजे म्हणजे पाहिजेच. सासूबाई म्हणायच्या, "ओल्या बाळंतिणीला वारा लागंल. कुठली ही चंदगडची रीत?"

एकदा मीच विचारलं. तेव्हा आक्कांनी सांगितलं. लहानपणी झडीच्या पावसात त्यांच्या घरी गाय व्याली. वासरू कुडकुडतंय म्हणून गोठ्याला चौफेर पोती लावली आणि आत कोळशाचं घमेलं ठेवलं. थोड्या वेळानं बघतात तर वासरू मेलेलं. "कुठं भाजलं न्हाय, कुठं लागलं न्हाय. निजल्यागत पडलेलं. दिसणारा धूर बरा गं, खोकला आणून भाईर तरी काढतो. कच्च्या कोळशाचा न दिसणारा वाईट. त्यो गप निजवतो." सासूबाईंनी आतून ऐकलं आणि म्हणाल्या, "हितं काय वासरं बांधल्यात व्हय?" मी हसले. देवाशप्पत सांगते, मी हसले.

श्रावणातली झड लागली होती. बाळ बारा दिवसांचं झालं होतं. आक्का त्या दिवसांत बाजूला बसल्या. तेव्हा चार दिवस म्हणजे चार दिवस. मागच्या पडवीत कांबळं टाकून बसायचं, ताट लांबून यायचं, कुणाला शिवायचं नाही, आणि बाळंतिणीच्या खोलीकडे तर फिरकायचंसुद्धा नाही. विटाळाच्या बाबतीत सासूबाई कडक. म्हणून बंब आणि शेगडी माझ्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी माझी पुरती तारांबळ उडाली. जळण ओलं, बंब धुमसतोय, पुरुषमाणसांची कचेरीची घाई. सगळे गेले तेव्हा दहा वाजून गेले होते. शेगडीत थोडे निखारे होते, त्यावर मी काळा कोळसा ओतला. फुलायची वाट कोण बघणार! पहिला धूर निघून गेला, तेवढ्यावर म्हटलं, झालं. तशीच आत नेऊन बाजेखाली सरकवली. बाळाला दोन शिंका आल्या. सासूबाई म्हणाल्या, "बघ, लागला वारा. आज ती न्हाय तंवर त्या खिडकीत बोळा कोंब." मी जुन्या लुगड्याचा बोळा करून फट गच्च भरली, दार ओढून घेतलं आणि भांडी घासायला परसात येऊन बसले. सासूबाई देवघरात गेल्या.

आक्का पडवीत वाती वळत होत्या. समोरच ती खिडकी. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "त्यो बोळा कुणी घातला?"

"आत्याबाईंनी सांगितलं."

"कोळसा भाईर फुलवलास न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. धडधडीत खोटं! ओरडा खावा लागू नये म्हणून.

त्यांनी हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बाळ रडल्यालं ऐकलंस?"

मी हातातलं पातेलं तसंच धरून आठवू लागले. दूध प्यायची वेळ उलटून गेली होती. एरवी पोरगं घर डोक्यावर घ्यायचं. आज कसलाच आवाज नव्हता.

मी आठवतेय तोवर आक्का उठल्यासुद्धा. विटाळ नाही, सासू नाही, काही नाही. दार लाथेनं उघडलं. मी मागोमाग धावले तर त्यांनी बाळ उचलून माझ्या हातात दिलं, "पळ भाईर!" आणि खिडकीचा बोळा उपटून दोन्ही फळ्या धाडदिशी उघडल्या. बाळाची मान माझ्या दंडावर चिंधीसारखी लोंबत होती. नणंदबाईंना बगलेत हात घालून त्यांनी ओढत पडवीत आणलं. पुन्हा आत गेल्या, आणि शेगडी तशीच, सांडशीबिंडशी न घेता, दोन्ही हातांनी उचलून पावसात भिरकावून दिली. केवढी चर्र वाजली ती!

मग बाळ माझ्याकडून घेतलं, वाऱ्याला धरलं, तळपाय चोळले, पाठ चोळली. "रड की रं! रड की!" मी नुसती उभी. सासूबाई सोवळ्यात धावत आल्या आणि खांबाला धरून थांबल्या. किती वेळ गेला कोण जाणे. बाळानं एकदा आचका दिला, ओठ वाकडे केले आणि बारीक आवाजात रडायला लागलं. नणंदबाईंनी डोळे उघडले, भडभडून ओकल्या, "डोकं फुटतंय गं आई" म्हणाल्या. तशी सासूबाई मटकन खाली बसल्या.

आक्कांनी बाळ हलकेच आईच्या कुशीत ठेवलं आणि उठून आपल्या कांबळ्यावर जाऊन बसल्या, जणू काही झालंच नाही. दोन्ही तळवे लालबुंद, फोड टरारलेले. त्यांना शिवायचं नाही म्हणून कुणी तेलसुद्धा लावलं नव्हतं. खोबरेलाची वाटी आणली, त्यांचे हात मांडीवर घेतले आणि रडत सगळं सांगून टाकलं. "आक्का, कोळसा मी फुलवला नव्हता. खोटं बोलले मी."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्या 'व्हय'वरनंच कळलं. आता हळू लाव, आग होती."

तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मला वाटलं, आता दोघींचा उद्धार होणार. शिवाशिव झाली, सगळं घर बाटलं.

"मांडी घाल," त्या आक्कांना म्हणाल्या.

"आत्याबाई, माझा दुसराच दिवस हाय अजून."

"मला शिकवू नगंस. घाल म्हणते की मांडी."

आणि ज्या बाईनं जन्मात कधी आपली चूक कबूल केली नव्हती, तिनं ते बारा दिवसांचं पोर विटाळशीच्या मांडीवर आपल्या हातानं ठेवलं. आक्कांना फोडांमुळं हात लावता येईना. त्या कोपरांनीच बाळाला सावरून बसल्या आणि हुंदके द्यायला लागल्या. एवढ्या दांडग्या आवाजाची बाई, पण रडताना आवाज फुटेना.

जरा वेळानं सासूबाईंनी विचारलं, "उद्या बंब आणि शेगडी कोण बघणार? हिचे हात तर गेले."

मी मान खाली घातली. यापुढं मला कुणी काडीलाही हात लावू देणार नाही, याची मला खात्रीच होती.

आक्कांनी नाक ओढलं आणि माझ्याकडं हनुवटी केली. "ही हाय की. हिच्याइतकं जपून आता ह्या घरात कुणी पेटवायचं न्हाय."