कॉलेजच्या फीचा रुपया

"आज बघायचं, घ्यायचं नाही," असं म्हणून सर दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि मगच नाण्यांच्या दुकानात पाय ठेवत. हात मोकळे राहिले की खिशाकडे जातात, असं त्यांचं म्हणणं होतं.

आनंदनगर एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत ते लॅबचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली ज्युनियर केमिस्ट. जुन्या नाण्यांतलं त्यांना कळतं, हे आजूबाजूच्या कंपन्यांतही ठाऊक होतं. कुणाच्या आजोबांच्या पेटीत रुपया सापडला किंवा कुणाला कुणी स्वस्तात नाणं देऊ केलं, की तो माणूस जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या दाराशी येऊन उभा राही. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल, ज्याच्याकडे लोक भलत्याच कामासाठी येतात.

पहिल्या बोनसमधून मला वडिलांसाठी तांब्याची एक शिवराई घ्यायची होती. सर मला उल्हासनगरला एका म्हाताऱ्या सिंधी व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. मी ट्रेमधलं सगळ्यात चकचकीत नाणं उचललं. सरांनी ते हातातून काढून घेतलं नाही. इतकी वर्षं या हातातून त्या हातात फिरलेलं तांबं असं दिसेल का, एवढंच विचारलं. मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "साईं, ये घिसके चमकाया है ना?"

"हां साब, पॉलिश किया है," तो शांतपणे म्हणाला. "इसने पूछा ही नहीं."

बाहेर आल्यावर सरांनी समजावलं. नाणं घासलं की त्याची किंमत गेली. व्यापारी वाईट नाही, पण न विचारलेलं सांगणं हे त्याचं काम नाही. आपण विचारायचं, आणि तो जे सांगेल ते बिलावर लिहून मागायचं. लिहून द्यायला कां-कू केली तर नमस्कार करून निघायचं. शेवटी तिसऱ्या खेपेला मी एक काळपट, झिजलेली शिवराई घेतली. वडिलांना ती फारशी आवडली नाही.

इतकं सगळं ते कुठून शिकले, हे मला दोनेक वर्षांनी कळलं. एकदा आमच्या एका ऑपरेटरला कुणीतरी फोनवर गाठलं होतं. संध्याकाळपर्यंत पैसे दे, नाहीतर नाणं दुसऱ्याला देतो, असं तो विकणारा म्हणत होता. ऑपरेटर अर्ध्या दिवसाच्या सुट्टीचा अर्ज घेऊन निघालाच होता. सरांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि लॅबचा ड्रॉवर उघडून प्लास्टिकच्या पिशवीतला एक चांदीचा रुपया त्याच्यापुढे ठेवला.

आपल्यालाही असंच संध्याकाळपर्यंत सांगितलं होतं, असं म्हणून त्यांनी तो प्रसंग सांगितला. एखाद्या सँपलचा रिपोर्ट वाचावा तसा. मुलाच्या इंजिनियरिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी पैसे साठवले होते. स्टेशनजवळच्या हॉटेलात एका गोडबोल्या माणसाने त्यांना दुर्मिळ सालाचा रुपया दाखवला. तो त्या पैशांत घ्यायचा आणि आठवड्याभरात दुप्पट भावाने विकायचा, म्हणजे चारही वर्षांची सोय होईल, असा सरांचा हिशोब होता. वजन बरोबर भरलं, चांदीही खरी होती. सालाचा शेवटचा आकडा मात्र कोरून बदललेला होता. तो भिंगाखाली दिसला असता, पण भिंग घरी राहिलं होतं. बिल मागायचा त्यांना संकोच वाटला. आठवड्याने गेले तर हॉटेलवाल्याला तो माणूस कोण, हेही माहीत नव्हतं.

"मग मुलाचं?" ऑपरेटरने विचारलं.

"तो आयटीआयला गेला," सर म्हणाले. "काही बोलला नाही."

ऑपरेटरने अर्ज फाडला आणि तो कामावर गेला. सरांनी रुपया परत ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीच दिसलं नाही.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी सर गेले. फोन आला तेव्हा माझं टायट्रेशन चालू होतं. मी रीडिंग लिहून घेतलं, सही केली आणि मग खाली बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

महिन्याभराने त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांच्या नाण्यांचं काय करायचं ते कळत नाही, ताई, जरा येऊन बघता का, असं त्याने विचारलं. मी रविवारी बदलापूरला गेले. घराखालीच त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. बारवी धरणाकडच्या गावांतून शेतीचे पंप येतात, त्यांची तिथे रांग लागली होती. वर सरांच्या खोलीत प्रत्येक नाणं कागदी पाकिटात होतं. पाकिटावर वजन, कुणाकडून घेतलं ते आणि नाण्यातला दोष. आम्ही दोघांनी दुपारपर्यंत यादी केली. घाईने विकू नकोस, दोन-तीन ठिकाणी दाखव, असं मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली.

चहा पिताना तो म्हणाला, "बाबा तुमच्याशी माझ्याबद्दल कधी बोलायचे का?"

मी त्याला फीच्या पैशांबद्दल जे ऐकलं होतं ते सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"मला नव्हतंच जायचं इंजिनियरिंगला," तो म्हणाला. "फॉर्म बाबांनीच भरला होता. पैसे गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मला हेच काम करायचं होतं."

"सरांना सांगितलं होतंस?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि ते इतके गप्प झाले होते की मला वाटलं, मी आनंदात आहे हे कळलं तर त्यांना अजून लागेल."

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वीस वर्षं दोघं एकाच घरात राहिले होते.

खालून कुणीतरी हाक मारली. एका शेतकऱ्याचा पंप तयार झाला होता. सरांचा मुलगा हात पुसत जिना उतरून गेला. मी दोन्ही कप मोरीत नेऊन विसळले, पालथे घातले आणि सरांच्या खोलीचा दिवा मालवला.