घास छातीत अडायचा तेव्हा

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या बायकोने, सुनंदाने, खुर्चीतच डोळ्यांना पदर लावला. आजाराचं खरं नाव मला तीनदा विचारावं लागलं. अ‍ॅकॅलेझिया. म्हणजे अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप गिळताना उघडत नाही, घास वरच थांबतो.

मी सातपूरला कारखान्यात टर्नर आहे, वय अठ्ठेचाळीस. सहा महिन्यांपूर्वी भाकरी छातीत अडू लागली. मग भात, मग पाणीसुद्धा. आडवं झालं की खाल्लेलं तोंडात यायचं. मी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत राहिलो, कॅन्टीनमध्ये सगळ्यांबरोबर बसणं टाळू लागलो. पॅन्ट कमरेवर राहीना, तरी डॉक्टरकडे गेलो नाही. वीस वर्षं तंबाखू खाल्लेली. ते काय सांगतील याचीच धास्ती.

सुनंदा सायखेड्याची, शब्द जपून वापरणारी. एकदा ताट वाढून समोरच बसली. "घासागणिक पाणी पिता. मला दिसत नाय का? उद्या सुट्टी टाका."

गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलमध्ये आधी एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून तपासणी. गाठ दिसली नाही, पण डॉक्टर पक्कं बोलेनात. मग बेरियम स्वॉलो: पांढरं औषध पीत एक्स-रे काढायचे. शेवटी मॅनोमेट्री. नाकातून नळी घालून गिळण्याचा दाब मोजतात. त्रास झाला, पण त्यातच दुखणं सापडलं.

दुर्बिणीतूनच फुगा घालून झडप ताणली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुन्हा अडलं तर लगेच या, परत ताणावी लागू शकते. आणि सगळ्यांचं कारण हेच नसतं. कुणाची नळी अ‍ॅसिडने आक्रसते, कुणाला अर्धांगवायूनंतर गिळता येत नाही, कुणाला खरंच गाठ असते. तपासल्याशिवाय कळत नाही."

म्हणून सांगतो, घास वारंवार अडत असेल, गिळताना दुखत असेल, वजन उतरत असेल, तर माझ्यासारखे महिने घालवू नका. रक्ताची उलटी झाली, अडकलेल्या घासामुळे थुंकीही गिळता येईना किंवा श्वास कोंडला, तर त्याच क्षणी इमर्जन्सी गाठा.

तंबाखू सुटली. घरी आल्यावर काही दिवस पातळच खाल्लं, मग सुनंदाने मऊ खिचडी केली. पहिला घास घेतला तेव्हा ती माझ्या गळ्याकडेच बघत होती.

"गेला का खाली?"

मी मान हलवली आणि दुसरा चमचा भरला.