लहानीचं काय झालं?

मराठी कादंबरीतल्या माणसांची समीक्षा आजवर पुष्कळांनी केली असेल, पण त्यांची रीतसर चौकशी करणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. समीक्षक पात्राचं अंतरंग उलगडतात. आमचे साडभाऊ त्याच्या घरी ओलिताची जमीन किती, हे विचारतात. मी कॉलेजात मराठी शिकवतो. ‘अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा’ या प्रश्नाची उत्तरं सांगण्यावर माझं घर चालतं. कोणतंही पात्र समोर आणा, मी त्याला ‘संवेदनशील’, ‘आत्ममग्न’ आणि ‘काळाच्या पुढे पाहणारे’ अशी तीन विशेषणं लावून मोकळा होतो. पण त्या पात्राचा मामा कोण आणि तो व्यवहाराला कसा, असा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नव्हता.

साडभाऊ रामाकोन्याकडचे. संत्र्याचा बगीचा आहे, थोडी कपाशी आहे, पण शेती हा त्यांचा नावापुरता धंदा. खरा जीव सोयरिकी जुळवण्यात. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत आणि तिथून पुढं नागपूरकडच्या गावांपर्यंत कोणत्या घरात पोरगी लग्नाची झाली आणि कोणत्या घरात पोट्टा नोकरीला लागला, हे त्यांना त्या घराच्या आधी कळतं. यासाठी ते कोणाचा चहासुद्धा घेत नाहीत, म्हणजे घेतात, पण साखर कमी आहे हे सांगून घेतात. एकदा बगीचा ठोक्यानं द्यायचा म्हणून ते पांढुर्ण्याच्या एका व्यापाऱ्याकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा व्यापाऱ्याच्या पुतण्याचं लग्न सौंसरच्या एका मास्तरच्या पोरीशी ठरलं होतं. बगीच्याचा विषय काढायचा राहून गेला होता. संत्री झाडावर पिवळी पडली, पण साडभाऊ पंगतीत सगळ्यांना आग्रह करत फिरत होते.

त्यांनी जुळवलेल्या सोयरिकींत हलका माल एकच निघाला, तो म्हणजे मी. आमच्या सासऱ्यांना दोन पोरी. मोठी साडभाऊंना दिलेली. धाकटीला माहेरी सगळे ‘लहानी’ म्हणतात, अजूनही म्हणतात, तिच्या केसांत चांदी दिसायला लागली तरी. या लहानीसाठी साडभाऊंनी मला शोधून काढलं. मी तेव्हा ‘अतिथी विद्वान’ होतो. आमच्या मध्य प्रदेशात कॉलेजातल्या हंगामी मास्तरला हे नाव आहे. शिकवलं त्या दिवसाचे पैसे मिळतात आणि घरमालकाचं मन फिरलं की पाहुण्यानं उठायचं. सासऱ्यांना आधी वाटलं की माझ्या विद्वत्तेवर खूश होऊन सरकारनं मला खास बोलावलं आहे. खरं काय ते कळल्यावर त्यांनी पानदान बाजूला सारलं. तेव्हा साडभाऊ मध्ये पडले. पोट्टा वाचणारा आहे, दारू-सट्ट्यात नाही, आज ना उद्या पक्का होईन, माह्या शब्दावर द्या, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या शब्दावर लहानी मला मिळाली. त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून अतिथीच आहे. एवढा लांबलेला पाहुणचार आमच्या भागात दुसऱ्या कोणी घेतला नसेल.

मागे एका जुलैत प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. एम. ए. मराठीला मुलं रोडावत चालली आहेत, एक विद्यार्थी कमी पडतो आहे, तो मिळाला नाही तर यंदा वर्ग बंद, असं त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं. वर्ग बंद म्हणजे पाहुणाही बंद. मी घरी जेवताना हे बोललो, बायकोनं रात्री बहिणीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊ कॉलेजच्या खिडकीपाशी उभे होते. तरुणपणी केलेल्या बी. ए.ची गुणपत्रिका त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. बाबूंनी विचारलं, पोरीची ॲडमिशन का? साडभाऊ म्हणाले, नाही, माही. अशा रीतीनं माझी नोकरी वाचली आणि माझे हाल सुरू झाले.

वर्गात ते शिस्तीचे पक्के. मी आत गेलो की सगळ्यांत आधी उठून उभे राहायचे, ‘सर’ म्हणायचे. घंटा झाली की त्याच तोंडानं, ‘साडभाऊ, येताना सांबार आना म्हनते लहानी,’ असा कोथिंबिरीचा निरोप सगळ्या वर्गासमोर द्यायचे. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला एक जुनी कादंबरी होती. तिचा नायक सत्याच्या शोधात घर सोडतो, नायिका खिडकीत बसून त्याची वाट पाहते, आणि तीनशे पानांनंतर तो परत येतो. मी माझी तीन विशेषणं फळ्यावर लिहिली. शेवटच्या बाकावरून हात वर आला.

‘सर, हा करते काय?’

मी म्हटलं, तो शोध घेतो. त्याची अंतर्यात्रा चालू आहे. तोही शब्द फळ्यावर लिहिला.

‘अंदरचीच यात्रा हाये तं घरी बसून कराव ना,’ साडभाऊ शांतपणे म्हणाले. ‘तिकडं ते पोरगी कायले बसून राहिली खिडकीत?’

पोरी वह्यांमागे तोंड लपवून हसल्या. मी ‘अंतर्यात्रा’ पुसून पुन्हा तेच लिहिलं, कारण दुसरा शब्द मला येत नव्हता. साडभाऊंनी मात्र नायकाला कायमचा नापास केला. उलट कादंबरीतला दुष्ट काका त्यांना पसंत होता. तो तोंडानं खराब आहे पण सगळं घर त्याच्याच जिवावर जेवते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. एकदा त्यांनी आडनावांवरून सिद्ध केलं की नायक आणि नायिका नात्यानं बहीण-भाऊ लागतात, त्यामुळं हे लग्न होऊच शकत नाही. आठवडाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. शेवटी मी सांगितलं की आडनावं लेखकानं मनानं रचलेली आहेत. साडभाऊ फार दुखावले. आडनावच खोटं तर बाकीच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं म्हणून ते दोन दिवस वर्गाला आले नाहीत.

चाचणीत मी ‘कादंबरीतील संघर्ष’ हा प्रश्न दिला होता. साडभाऊंचा मामा सावरगावचा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते तेव्हा साडभाऊ तरुणपणी पांढुर्ण्याच्या काठावरून दगड मारायचे. एका वर्षी मामेभावाचा दगड त्यांच्या कपाळाला लागला, आणि संध्याकाळी त्याच मामेभावाच्या आईनं त्यात हळद भरली. ती खूण अजून आहे. त्यांनी उत्तरपत्रिकेत लिहिलं की दोन्ही काठांवर आपलीच माणसं असली तरच त्याला संघर्ष म्हणावं, या कादंबरीत नदीच नाही. मी दहापैकी तीन गुण दिले, कारण संघर्षाचे प्रकार लिहिले नव्हते. पुढच्या महिन्यात नागपूरच्या एका चर्चासत्रात मी तेच वाक्य माझ्या निबंधात ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. हे कोणाचं मत, असं कोणी विचारलं तेव्हा मी ‘आमच्या भागातले एक ज्येष्ठ अभ्यासक’ असं म्हणून पाणी प्यायलो.

पण साडभाऊंचा खरा जीव अडकला तो नायिकेच्या धाकट्या बहिणीत. ही बिचारी सुरुवातीच्या पानांवर दाराआडून डोकावते, एकदा बहिणीच्या वेणीत फूल माळते, ‘हीही आता उपवर झाली’ असं लेखक एका ओळीत सांगतो, आणि मग तिला साफ विसरून जातो. मी ती कादंबरी इतकी वर्षं शिकवली, पण अशी कोणी मुलगी तिच्यात आहे हे मला साडभाऊंनी सांगितल्यावर कळलं. ते तिला लहानी म्हणायचे. घरातली धाकटी म्हणजे लहानी, हा त्यांचा नेहमीचा हिशेब, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

‘सर, लहानीचं काय झालं?’ त्यांनी वर्गात विचारलं.

मी म्हटलं, ते गौण पात्र आहे, कथानकातलं तिचं काम संपलं.

‘काम संपलं म्हनून घरातली पोरगी गायब होते काय?’

मी घड्याळाकडं पाहिलं. त्यानंतर हा प्रश्न माझ्या मागेच लागला. सौंसरच्या बसस्टँडवर, छिंदवाड्याच्या बसमध्ये, सासरच्या तेरवीत, जिथं भेटतील तिथं साडभाऊ बाजूला घेऊन विचारायचे, काही पत्ता लागला का. नागपूरहून एक मोठे प्राध्यापक ‘कादंबरीतील स्त्री’ या विषयावर बोलायला आले, तेव्हा प्रश्नोत्तरात पहिला हात साडभाऊंचाच होता. प्राध्यापक म्हणाले, फार मूलगामी प्रश्न आहे, आणि दुसऱ्या हाताकडं वळले. साडभाऊंनी बगीच्यात बसून पुस्तक पुन्हा वाचून काढलं. नायकाचा एक पोस्टमास्तर मित्र त्यांना लहानीसाठी बरा वाटला, पण त्याचं वय जास्त भरलं. परीक्षेत गौण पात्रांवर प्रश्न येऊ दे, मंग मी दाखवतो, असं ते म्हणायचे. मी म्हणायचो, असा प्रश्न येत नसतो.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. पेपर हातात पडला तेव्हा मला स्वतःला लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. मी बाहेर फेऱ्या मारत होतो आणि साडभाऊ आत पुरवणीवर पुरवणी घेताहेत असं मनात चित्र रंगवत होतो. तर अर्ध्या वेळातच ते बाहेर आले, लिंबाच्या झाडाखाली बसले आणि खिशातलं संत्रं सोलायला लागले. मी धावत गेलो. झालं एवढ्यात लिहून?

‘कोरा देल्ला,’ ते म्हणाले. ‘रोल नंबर लिहिला फक्त.’

मी त्यांच्या बाजूला टेकलो. त्यांनी मला एक फोड दिली आणि समजावून सांगितलं. आपण पास होऊन गेलो की वर्गात पुन्हा एक डोकं कमी. मग प्राचार्य पुन्हा तुम्हाला बोलावणार. त्यापेक्षा एक पेपर राहू दिला की अजून एक साल आपण शेवटच्या बाकावर. सोपं काम आहे. मी त्यांना हाताला धरून ऑफिसात नेलं. बाबूंनी मान वर न करता सांगितलं की नापास झालेला विद्यार्थी ‘भूतपूर्व’ होतो, तो वर्गाच्या संख्येत धरत नाहीत. साडभाऊंनी हे दोनदा विचारून घेतलं. त्यांची इतकी वर्षांची धावपळ मी पाहिली आहे, मोडलेल्या सोयरिकी पाहिल्या आहेत, पण असं पडलेलं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. मी फार रागावलो होतो, आणि रागापेक्षा जास्त मला रडू येत होतं. वर्षभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर आला आणि तुम्ही तो माझ्या या फुटक्या नोकरीपायी सोडून दिला, असं मी त्यांना नको तितक्या मोठ्यानं म्हणालो. बाकावरची माणसं वळून पाहू लागली. साडभाऊ रामाकोन्याच्या बसची वाट पाहत होते.

‘लेखकाचं काय, साडभाऊ,’ ते म्हणाले. ‘तो एक पोरगी इसरला तरी त्याचं पुस्तक होऊन जाते. माहं तसं नाही. लहानी माह्या शब्दावर देल्ली होती.’

बस आली. दारात उभं राहून त्यांनी मला हात केला आणि गर्दीत मिसळून गेले. मी तिथंच बसून राहिलो. आयुष्यभर पात्रांच्या मनात डोकावायला शिकवणाऱ्या माणसाला आपल्या साडूच्या मनातलं कळायला बसस्टँड गाठावं लागलं.

पुढच्या जुलैत मात्र चमत्कार झाला. एम. ए. मराठीला पांढुर्ण्याहून, सावरगावाहून, आजूबाजूच्या खेड्यांतून पोरी यायला लागल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की साडभाऊ उन्हाळाभर घरोघरी सांगत फिरत होते, आजकाल मुलाकडले एम. ए. मराठी पोरगीच मागून राहिले. असा कोणता मुलाकडला मी अजून पाहिलेला नाही. वर्ग मात्र भरला. त्यांनी स्वतः राहिलेला पेपर नंतर खासगीरीत्या दिला आणि पास झाले. त्या वेळी गौण पात्रांवर प्रश्न आला नाही. आता ते वर्गात येत नाहीत. मी दार उघडलं की सगळ्यांत आधी उठणारं कोणी नसतं, आणि मला अजूनही आधी शेवटच्या बाकाकडंच पाहायची सवय आहे.

कादंबरीतलं ते पान आलं की आता मी फळ्यावर काही लिहीत नाही. पोरींना विचारतो, लहानीचं काय झालं असेल? एक तिला नर्स करते, एक तिला गावी परत पाठवून शाळा काढायला लावते, एकीनं तर तिला एकटीनं छान राहू दिलं. मी सगळ्यांना पूर्ण गुण देतो.

मागे एका दुपारी बायको दारात बसून संत्री निवडत होती. साडभाऊंनी पाठवलेली टोपली होती. मी तिला कादंबरीतल्या त्या मुलीची सगळी हकिगत सांगितली आणि तिलाही विचारलं, तुला काय वाटतं, काय झालं असेल तिचं?

तिनं एक नरम संत्रं बाजूला काढलं, ते परत टोपलीत टाकलं आणि म्हणाली, ‘काय होनार? भाऊजीनं देल्लं असन कोनाले तरी पाहून.’ मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘बरंच पाहून देल्लं असन.’