भोंगाबाई समुद्र ऐकायला जाते

सुट्टीसाठी शांत किनारा शोधता, तेव्हा तुम्ही नेमके कोणाच्या आवाजाला कंटाळलेले असता? उत्तराची घाई नको. आधी भोंगाबाईचं ऐका.

हे नाव तिला गल्लीने दिलं. ती घरात "मीठ द्या" म्हणाली तरी शेजारी दचकायचे. उभं आयुष्य कापडाच्या गिरणीत, मागांच्या खात्यात गेलं. तिथे शेजारणीशी बोलायचं तर घसा फाडा, नाहीतर ओठ वाचा. कानात घालायचे बोळे गिरणीत होते, नव्हते असं नाही. पाहणीला साहेब आले की ते कपाटातून निघायचे, साहेब गेले की कपाटात परत. यावरून तिने एकदा व्यवस्थापकाच्या टेबलावर हात आपटला होता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. बोळे दिले नाहीत.

नवरा त्याच खात्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. त्याचे कान तिच्याही आधी गेले. दोघं स्वयंपाकघरात नुसते ओठ हलवून कडाकडा भांडायचे आणि बाहेर अभ्यास करणाऱ्या लेकीला पत्ता लागायचा नाही.

यंदा कानाच्या डॉक्टरने सांगितलं की उरलंसुरलं ऐकू येणंही ओसरत चाललंय, यंत्र लावून काही दिवस निभेल, पण थांबवता येणार नाही. भोंगाबाई घरी आली, चहा ठेवला, आणि उकळी येईपर्यंत तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. समुद्र ऐकायचा राहिला. टीव्हीवर पाहिला होता, पण खरा समुद्र तिने कानाने ऐकलाच नव्हता. आता नाही तर कधीच नाही.

हे तिने फक्त जॉबरला सांगितलं, तेही ओठांनीच. लेकीपुढे रडगाणं गाणाऱ्यातली ती नव्हती. लेकीला म्हणाली, चार दिवस निवांत जायचंय, गोंगाट नसलेली जागा काढून दे. आजूबाजूला कलकलाट असला की तिच्या कानात सगळं एकात एक मिसळायचं, काही म्हणून वेगळं कळायचं नाही. समुद्र ऐकायचा तर बाकी सगळं गप्प हवं, एवढा तिचा साधा विचार.

लेकीने फोनवर किनाऱ्यांचे फोटो शोधून दिले आणि नवरा-बायको टेबलाशी बसले. नोकरीच्या शेवटी गिरणीने तिला कापड तपासायला बसवलं होतं. गाठ दिसली, धागा सुटलेला दिसला, की तो तागा बाजूला. सवय कुठे जाते? गाण्याचे कर्णे दिसले, नापास. होड्यांची गर्दी, नापास. पाण्यावर पांढरा फेस दिसला की ती जॉबरला कोपर मारायची, "हे बघा, जागोजागी उसवलंय," आणि तोही किनारा नापास. शेवटी एक सापडला. इस्त्री फिरवल्यासारखं सपाट पाणी, एक सुरकुती नाही. माल पास.

जावई म्हणाला, "आई, तिथे करण्यासारखं काही नाही. कंटाळाल."

"कंटाळायलाही नशीब लागतं, जावईबापू," ती म्हणाली.

फेस म्हणजे फुटलेली लाट, आणि समुद्राचा आवाज त्या फुटण्यातून येतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माग चालू असला की आवाज येतोच. समुद्र तर बंद म्हणून नसतोच. मग आवाज असणार, असं दोघं धरून चालले.

पोचल्यावर तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, थेट वाळूवर गेली. पाणी फोटोत होतं तसंच, काचेसारखं. तिने यंत्र नीट बसवलं, डोळे मिटले. काही नाही. दुसरा कान पुढे केला. काही नाही. जॉबरकडे पाहिलं. त्यानेही नकारार्थी मान हलवली. त्याला विचारून काय उपयोग? समुद्र गप्प आहे की आपले कान गेले, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. उशीर झाला, ती म्हणाली, आणि त्या शब्दांना आवाज होता की नाही हेही तिला कळलं नाही.

आयुष्यभर हक्काने मागणारी बाई, पण हा प्रश्न परक्या माणसाला विचारायला तिची जीभ रेटेना. शेवटी जॉबरनेच तिचा हात धरून तिला लॉजवालीसमोर उभं केलं. ती दोरीवर चादरी घालत होती. भोंगाबाईने नेहमीच्या आवाजात विचारलं तशी लॉजवाली दचकली आणि हातातली चादर पायावर पडली.

"समुद्राचा आवाज येतोय का तुम्हाला?"

लॉजवालीने तिच्या कानातलं यंत्र पाहिलं, समोर आली आणि सावकाश बोलली. "नाही, मावशी. मलाही येत नाही. बाहेर खडकांची रांग आहे, लाटा तिकडेच अडतात. आवाज हवा तर टेकडीपलीकडे जा. आमचे पाहुणे तिकडे जात नाहीत, त्यांना झोप लागत नाही."

टेकडी चढताना जॉबरला धाप लागली, ती मात्र थांबेना. उतारावर तिने चपला काढल्या आणि जागीच उभी राहिली. जमीन थरथरत होती. खात्याच्या दारात पाय ठेवला की फरशी थरथरायची, तशीच. मग वळण संपलं.

पाण्याची भिंत उभी राहिली, वाकली आणि कोसळली. आणि तो आवाज तिला आला. कानात आला, छातीत आला, दातांत आला. खोल, जाड, सगळ्या खात्याचे माग एकदम सुरू व्हावेत तसा. पण यात खडखड नव्हती, कोणाचं बोट बटणावर नव्हतं, पाळी बदलणार नव्हती. एक लाट संपायच्या आत पलीकडे दुसरी उभी. तिने हळूच कानातलं यंत्र काढलं. तरीही तो येतच होता.

भोंगाबाई एक शब्द बोलली नाही. गल्लीला सांगून पटणार नाही, पण सूर्य बुडायला टेकेपर्यंत ती गप्प होती.

जॉबर ओठांनी म्हणाला, "केवढं हे. आणि मालक कोणी नाही."

तिने त्याचा हात घट्ट धरला आणि पुढच्या लाटेकडे बोट केलं, ऐका म्हणून.

तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत असं मोठ्याने बोलणारं कोणी असेल आणि तुम्ही त्याच्यासाठी सुट्टीची जागा निवडत असाल, तर त्याला आधी समोर बसून विचारा, तुला काय ऐकायचंय. मग तिथेच घेऊन जा.