आत्याच्या वेगाचं सॉफ्टवेअर

घरी गाणी तयार करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हे मी ज्याला ज्याला विचारलं त्यानं आधी स्वतःकडे कोणतं आहे ते सांगितलं आणि मग तेच सगळ्यांत चांगलं असल्याचं पटवायला घेतलं. व्हिडिओतल्या लोकांचंही तेच. मी राहतो ताडकळसला आणि पालमच्या एका शाळेत लिपिक आहे. दिवसभर दाखले आणि हजेरीपट, आणि एसटीत जाता-येता कानात कोणीतरी सांगत असायचा की अमुक एक घेतलं नाहीत तर तुम्ही संगीत सोडूनच द्या. सहा महिने हे ऐकून माझ्या ज्ञानात पडलेली भर एवढीच, की या सगळ्यांच्या मागच्या भिंतीवर निळा दिवा असतो.

माझ्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं असं नाही. गंगाखेडला माझा कॉलेजातला एक मित्र आहे, त्याचा डीजे आहे. त्यानं पेनड्राइव्हमधून एक चोरीचं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर टाकून दिलं होतं.

"सगळे हेच वापरायलेत," तो म्हणाला होता. "तयार ठेके हायेत, तयार बास हाय. वरून निसता आवाज सोडायचा. डोकं कशाला लावायलास?"

मग मीही डोकं न लावता दोन वर्षं त्यात ठेके जोडले. मित्र ते लग्नांत वाजवायचा, लोक नाचायचे, आणि मी स्वतःला संगीतकार समजायचो. वाजताना तो ठेका माझा आहे की आणखी कुणाचा, हे मलाही सांगता आलं नसतं, ही गोष्ट मी सोयीनं विसरायचो.

उन्हाळ्यात आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ते विसरणं अवघड झालं.

आत्या आमच्याच गल्लीत राहते. मला कळतं तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक हळदीचं गाणं तिनंच धरलेलं आहे. नवरीला कुणाकुणाची हळद लागली ते त्या गाण्यात एकेका नात्यानं येतं. आईची, मामाची, काकूची, चुलतमावशीची. एक ओळ आत्यानं म्हणायची आणि बाकीच्या बायांनी ती उचलायची. पण दोन वर्षांपूर्वी शेजारच्या लग्नात ती अर्ध्या गाण्यात असताना डीजे सुरू झाला. तिचे ओठ हलत होते, हातात हळदीची वाटी होती, आणि तिचा आवाज शेजारी बसलेल्या बाईलाही ऐकू येत नव्हता. तिनं वाटी खाली ठेवली आणि ती घरी गेली. त्यानंतर ती कुणाच्याच हळदीत गायली नाही. डीजे मित्राचा होता आणि तो ठेका माझा होता. हे मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आता पोटच्या पोरीचं लग्न ठरलं तरी तिचं तेच. "डीजे लावा की खुशाल. मला न्हाई गायाचं. कोन ऐकायलंय?"

मला फार लाज वाटली. मी तिथल्या तिथं ठरवलं, की तुळशीच्या लग्नानंतर जेव्हा ही हळद होईल, तेव्हा डीजेवर आत्याचंच गाणं वाजेल, आणि ते मी करीन.

आत्याला तयार करणं सोपं नव्हतं. लग्नघर असल्याशिवाय हळदीचं गाणं तोंडातून काढायचं नाही, असा तिचा दंडक. मी म्हणालो, लग्न ठरलंय की. "ठरलंय, पर हळद कुठाय?" मी दुकानातून हळकुंडं आणली, तिनं ती सहाणेवर उगाळली, वाटी समोर ठेवली, आणि तेव्हा कुठं ती माइकसमोर बसली. खोलीच्या भिंतींना मी गोधड्या टांगल्या होत्या. आत्या एकटीच गायली. बायांचे आवाज नंतर वेगळे घेऊ, म्हणजे काम स्वच्छ होईल, असं मी व्हिडिओत शिकलो होतो.

आणि मी काम स्वच्छ केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर सारख्या चौकटी असतात आणि प्रत्येक ओळ चौकटीत बसवावी लागते. 'मामा' आखूड पडला तर ताणून लांब केला. 'चुलतमावशी' मावेना, तर तिला चेपून बसवली. दोन ओळींच्या मधे आत्याचा श्वास ऐकू यायचा, तोही एकेक करून कापून टाकला. सगळं कसं गुळगुळीत. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका.

मग गल्लीतल्या चौघी बायांना बोलावलं, कानाला हेडफोन लावले आणि म्हटलं, आता उचला. एकीलाही उचलता येईना. एक लवकर शिरायची, दुसरी उशिरा, तिसरी नुसतीच हसायची. मी तीनदा वाजवलं, चारदा वाजवलं, आणि चिडून म्हणालो, "अहो मावशी, जन्मभर म्हणत आलात ना हे गाणं?"

"आलो की," त्यांच्यातली थोरली म्हणाली. "पर शिरायचं कुठं ते कळंना बाबा."

तेव्हा आत्यानं हेडफोन मागून घेतले आणि डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. मला वाटलं, खूश होईल.

"आवाज माझाच हाय," ती म्हणाली. "पर यात मी दम कुठं घेतला? आन् चुलतमावशीला एवढ्या घाईनं का उरकलंस? तिची हळद काय उष्टी हाय?"

बाया खो खो हसल्या. मी लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस त्यांच्यावर रुसून बसलो. अडाणी आहेत, त्यांना चौकट कळत नाही, असं मनातल्या मनात म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी एसटीत आत्याचं मूळ रेकॉर्डिंग ऐकत होतो, काहीही न कापलेलं, आणि माझ्याही नकळत मी ओळ उचलली. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. मी बरोबर तिच्या श्वासावर शिरलो होतो. बाया ठेका मोजतच नव्हत्या. आत्या श्वास घेते ती त्यांची शिरायची जागा. मी नेमकी तीच जागा साफ करून टाकली होती.

आता मला काय हवंय ते कळलं, आणि ते एकाही निळ्या दिवेवाल्यानं सांगितलं नव्हतं. आत्याला चौकटीत बसवायचं नाही. चौकट आत्याकडे सरकली पाहिजे. जे सॉफ्टवेअर एवढं करील ते माझं, मग ते कसंही दिसो.

मी परीक्षाच घ्यायला बसलो. काही दिवस फुकट वापरून बघता येतात अशी तीन सॉफ्टवेअरं उतरवली आणि प्रत्येकात आत्याचं तेच, न कापलेलं गाणं टाकलं. पहिलं देखणं होतं. ते उघडलं की माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि चुलतमावशीपर्यंत पोचायच्या आत सगळं गोठायचं. दुसरं नेटवर चालणारं. आमच्याकडे वीज गेली की नेट जातं आणि वीज कधी जाईल ते वीज जाणो. तिसरं राखाडी रंगाचं, बारीक अक्षरांचं, सरकारी अर्जासारखं. तयार ठेका एकसुद्धा नाही. पण त्यात ठोक्याची रेघ बोटानं धरून आवाजापाशी नेऊन ठेवता येत होती. आत्या जिथं रेंगाळली तिथं रेघा लांब लांब, जिथं तिनं धाव घेतली तिथं जवळ जवळ. अर्ध्या तासात मी एक कडवं तसं मांडलं आणि क्लिक, म्हणजे ठोक्याची टिकटिक, लावून ऐकलं. क्लिक आत्याच्या मागून मुकाट चालत होता. मी घरातल्यांना हाका मारून बोलावलं.

मित्राला मात्र ते मुळीच पसंत पडलं नाही. "आपल्या भागात कोनी वापरत न्हाई ते. अडकलास तर कोनाला इचारशील? आन् फुकटात असताना पैसे भरून घ्यायलास? येडा झालास काय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. विचारायला खरंच कोणी नव्हतं. तरी मी रीतसर पैसे भरून ते घेतलं आणि चोरीचं पुसून टाकलं. दोन वर्षांचे ठेके त्याच्याबरोबर गेले. जाऊ देत, म्हटलं. अडकायचो तेव्हा त्याचं जाडजूड माहितीपुस्तक उघडायचो, शब्दकोश मांडीवर घ्यायचो, आणि ते पान कळेपर्यंत उठायचो नाही. एक बटण कळायला कधी कधी आठवडा लागायचा. रोज शाळेत जाण्याआधी एक तास, आणि रविवार अख्खा. नात्यानात्यानं मी रेघा मांडत गेलो. हलगी स्वतः वाजवली, तीही तिच्या आवाजामागून, हात दुखेपर्यंत. बायांना पुन्हा बोलावलं. या वेळी हेडफोन लावताच चौघींनी ओळ उचलली, आणि थोरली म्हणाली, "आता कसं, घरात आल्यावाणी वाटलं!"

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव भरला होता. मित्रानं बॉक्स लावले होते, त्यांच्याजवळ टेबलावर माझा लॅपटॉप. नवरी पाटावर बसली, आत्यानं वाटी उचलली आणि मी गाणं सुरू केलं. हलगी वाजली, आत्याचा आवाज मांडवभर झाला, तिनं पहिला श्वास घेतला आणि मांडवातल्या बाया एकदम शिरल्या. ज्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं त्या पाहुण्याबायासुद्धा. मित्रानं मान डोलावली. मी जिंकलो होतो.

आत्या मात्र वाटी घेऊन तशीच उभी होती. दोन ओळी तिनं ऐकून घेतल्या. मग माझ्याकडे वळली.

"पोर माझ्यासमोर बसलीय," ती म्हणाली, "आन् तिला हळद त्या पेटीनं लावायची व्हय? सरक. मी म्हनते."

मी हलगी चालू ठेवली आणि पडद्यावर तिच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाची पट्टी खाली ओढत ओढत शून्यावर आणली. कुणी न सांगताच मित्रानं तिच्या हातात माइक दिला. तिनं पुढची ओळ उचलली आणि ती कुठं अडखळली नाही, कारण हलगी तिच्याच वेगानं चालली होती. मामाची झाली, म्हणजे माझ्या वडिलांची. काकूची झाली. चुलतमावशीला तिनं हवा तेवढा वेळ दिला. बाया तिच्या प्रत्येक श्वासावर शिरत होत्या आणि नवरी रडत होती.

पडद्यावरची सरकती रेघ गाण्याच्या शेवटाला पोचली. हलगी थांबली. आत्या थांबली नाही. बायांनी टाळ्यांवर ठेका धरला आणि तिनं आणखी एक नातं घेतलं, जे तिनं माझ्यासमोर बसून कधी म्हटलं नव्हतं आणि माझ्या एकाही रेघेत नव्हतं. मामेभावाची हळद. बायांनी ते उचललं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आत्यानं वाटी माझ्यापुढे धरली होती. मी लॅपटॉप तसाच उघडा सोडला आणि बहिणीला हळद लावायला उठलो.