कोतवालानं चुना फासलेला खांब

"रुखमाबाई, हे पत्र म्या कोनाकडून लिहवून घेतलं नाई. मनातल्या मनातच बोलून राह्यलो. तुमी तिकडं धानोऱ्याले लेकीच्या घरी, अन् मी इथी तलावाच्या पाळीवर. तुमी जे इचारलं होतं त्याचं उत्तर म्या खोटं देल्लं..."

लटारू कोतवालाचं पत्र इथवर यायचं आणि थांबायचं. माणूस वाईट नव्हता, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं. पिपरटोल्यात दवंडी द्यावी, पाटलाचे निरोप पोचवावे, सगळ्यांना हो म्हणावं. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही, आणि तिथंच सगळं बिघडलं.

गाव तलावाच्या पाण्यावर धान पिकवत होतं. तलाव अडवणाऱ्या मातीच्या पाळीच्या पोटात, पाणी सोडायच्या झडपेजवळ, छत घातलेली दगडी कोठडी होती. तलावाचं पाणी तिच्यात शिरे, पाऊस शिरत नसे. आत एक खांब, वरच्या अंगाला खाच कोरलेला. पावसाळ्याआधी रुखमाबाई तो खालपासून वरपर्यंत पांढऱ्या मातीनं सारवी. पाणी चढेल तिथवर माती धुऊन जाई आणि काळा दगड उघडा पडे. आत्ता पाणी किती आहे, हे काठावरचं शेंबडं पोरही सांगेल. पण गाव झोपेत असताना ते किती वर चढून सांडव्यानं उतरून गेलं, हे फक्त खांबाला ठाऊक. काळं वरच्या खाचेपाशी आलं की झडप उघडायची, मग पाणी वाया जातं म्हणून कोणी कितीही कुरकुर करो. नाही तर पाळ फुटणार, आणि पाळीखालची पहिली बांधी, म्हणजे धानाचं शेत, रुखमाबाईचंच. विधवा बाईचं पोट त्या बांधीवर होतं.

मालगुजाराची जमीनदारी गेली, तलाव सरकारचा झाला, तेव्हाची गोष्ट. खांब सारवून झाला, पाऊस लागला, आणि रुखमाबाई लेकीच्या बाळंतपणाला धानोऱ्याला निघाली. "लटारू, खांबावर डोया ठेव," एवढं म्हणाली. तिची पाठ फिरते न फिरते तोच पाटलाचा हुकूम आला, "साहेब तलाव पाहाले येते. सारं चकाचक पाह्यजे."

लटारूनं चावडीला चुना लावला, रस्त्याकडेच्या झाडांना लावला. डबड्यात उरला तो खांबाला फासला. खालचं काळं त्याला घाण दिसलं! साहेब आले, चावडीवर जेवले, कोठडीत डोकावलेही नाहीत.

पुढे जोराचा पाऊस झाला. लटारू कोठडीत गेला. खांबाला हात लावला तर वरच्या खाचेपर्यंत गार, ओला. आणि पांढराशुभ्र! चुना मातीसारखा धुऊन जात नाही, हे त्याला तिथं उभ्याउभ्या कळलं.

बाहेर गावातला शेतकरी मुखरू चारचौघांना घेऊन उभा होता. "काऊन गा लटारू, खांब काय म्हनते?"

"कोराच हाय."

"मंग झडप बंदच राहू दे. माह्या धानाले पुढं पानी लागन."

"साहेबाच्या भेवानं पानी बी वर चढत नाई!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. लटारूही हसला. म्या चुना लावला, एवढंच म्हणायचं होतं. पण पाटलाच्या शिव्या डोळ्यांपुढे आल्या, शिवाय गाव जन्मभर चिडवणार. तो हसतच घरी गेला. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागलं नाही.

पोळ्याच्या तोंडावर झड लागली, झडप बंदच, आणि भरदुपारी पाळ फुटली. माणसं वाचली. रुखमाबाईची बांधी रेतीखाली गेली.

ती परत आली ती आधी बांधीवर गेलीच नाही. तडक कोठडीत शिरली. खांबावर नख ओढलं, नखातलं पांढरं बघितलं.

"चुना."

"साहेब येनार होते ना बाई, म्हनून..." लटारू मागे उभा होता.

"लावला त्याचं सोड. अकलेचा कांदाच हाय तू. मुखरूनं इचारलं म्हनते, तवा पानी चढल्याचं तुले समजलं होतं का नाई?"

"नाई," लटारू म्हणाला.

रुखमाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं. बांधी गेली, आता मी लेकीकडंच राह्यतो. पाळ बांधून झाली का खांब खरवड, अन् मले घ्याले ये. सारवीन मीच. दुसऱ्याच्या हाती देत नाई आता."

उन्हाळ्यात पाळ बांधून झाली. लटारूनं खांब खरवडला, बोटं सोलून निघेस्तोवर. पाटील म्हणाले, "अरे, जा ना, आन रुखमाबाईले." बैलबंडी जुंपली. नदीच्या उतारापर्यंत गेला आणि परत फिरला. येताना वाटभर ती शेजारी बसणार, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारणार. न विचारता नुसती बसली तर आणखीच वाईट.

"बैल लंगडते," त्यानं घरी सांगितलं. नंतर म्हणाला, वाटेत चिखल आहे. मग लोकांनी विचारणंही सोडलं.

तिकडे रुखमाबाईनं पांढऱ्या मातीचे गोळे वळून, वाळवून, फडक्यात बांधून ठेवले होते. बाजाराला आलेल्या माणसाबरोबर तिनं निरोप धाडला, बंडी कधी येते?

"येतो म्हनावं," लटारू म्हणाला. गेला नाही. खरवडलेला खांब सारवणाविना तसाच काळा उभा राहिला.